आठ गांडुळं आणि एक अक्कलकुवा

सातपुड्यात मासे पकडायला गेलेल्या एका मुंबईकरणीची ही गोष्ट. मासे फारसे मिळाले नाहीत. पण अक्कल?

"अक्कलकुव्याला चाललेय," असं ग्रुपवर टाकलं आणि पाचव्या सेकंदाला उत्तर आलं, "येताना थोडी आण, आम्हालाही वाट!" या नावावरून होऊ शकणारे सगळे विनोद मी त्या एका संध्याकाळी ऐकून घेतले. त्यात मी तिथे मासे पकडायला चाललेय हे कळल्यावर तर विचारूच नका. पापलेटसुद्धा कोळणीकडून साफ करून आणणारी मुलगी गळ टाकणार?

पण काय करणार, नाद लागला होता. लावणारा माझा एक पुण्याचा आयटीवाला मित्र. सोमवार ते शुक्रवार कोडिंग, शनिवारी पहाटे रॉड खांद्यावर टाकून धरणावर. त्याच्याकडेच मी पहिल्यांदा ती गांडुळं पाहिली. बोटापेक्षा थोडी लांब, जेलीसारखी लुसलुशीत, सॉफ्ट प्लॅस्टिकची. पाण्यात सोडली की शेपूट अशी वळवळते की खरं गांडूळही लाजावं. ही आयडिया अमेरिकेची. १९४९ मध्ये ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन गावात निक क्रीम नावाच्या माणसानं विनाइलची गांडुळं बनवली आणि तिकडच्या 'बास' माशाच्या मागे लागलेल्यांना वेड लावलं. आपल्याकडे बास नाही, पण त्याच स्वभावाची मरळ आहे. दबा धरून बसणारी, तापट, आणि तोंडात दात असलेली. हे दात लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहेत.

तर मी आठ गांडुळांचं एक पाकीट घेतलं, होळीच्या पंधरा दिवस आधीचा वीकेण्ड गाठला आणि निघाले.

घाट, मोलगी आणि पाणी

अक्कलकुवा म्हणजे नंदुरबार जिल्ह्याचं वायव्येचं टोक. जिल्हा तसा तरुण, १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झालेला. अक्कलकुवा गाव सपाटीवर, गुजरातच्या हद्दीला खेटून. बाजारात मराठी, गुजराती, अहिराणी आणि भिलीची अशी मिसळ कानावर येते की दहा मिनिटांत आपण कुठल्या राज्यात आहोत तेच विसरायला होतं. इथून देवगोईचा घाट चढलात की मोलगी. भगर आणि आमचूर यांच्या व्यापाराचं गाव. होळी जवळ आलेली, त्यामुळे जीपमधल्या गप्पांना एकच विषय, काठीची राजवाडी होळी. त्या रात्री मोरपिसांचे टोप, कमरेला घुंगरं आणि पहाटेपर्यंत ढोल. "होळीला यायचं होतं ना ताई, आत्ता काय मिळणार?" शेजारच्या बाईंनी विचारलं. मी म्हटलं, मासे. जीपभर हशा!

मोलगीतल्या ओळखीच्या एका शिक्षकांच्या मामांचं घर नर्मदेकाठच्या एका पाड्यावर. तिथे माझा मुक्काम. शेवटचा उतार पायी. एका वळणावर डोंगर संपला आणि खाली पाणी दिसलं. नदी म्हणून मी जे काही डोक्यात घेऊन आले होते, ते तिथे नव्हतंच. तिथे होता डोंगरांच्या फटीफटीत शिरलेला हिरवा, गप्प तलाव. सरदार सरोवराचा फुगवटा.

आणि पाण्यातून वर आलेली झाडं. पान नाही, साल नाही, नुसते करडे सांगाडे.

पहिली सकाळ : पाच गांडुळं स्वाहा

मरळ आवडीनं राहते ती उथळ, गवताळ, झाडाझुडपांच्या पाण्यात. म्हणजे गळ अडकायला एकदम बेस्ट जागा! त्यावर उपाय म्हणजे टेक्सास रिग. गळाचं टोक गांडुळाच्या डोक्यातून पाव इंच आत घालायचं, बाजूनं बाहेर काढायचं, गळ फिरवायचा आणि टोक पुन्हा गांडुळाच्या अंगात लपवायचं. टोक लपलेलं असल्यानं ते फांदीत रुतत नाही. गोम अशी की सगळा ताण गांडुळाच्या नाकावर येतो. प्रत्येक फेकीत ते भोक थोडं मोठं होतं. मग गांडूळ गळावरून घसरून खाली गोळा होतं आणि मासा त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाही.

माझं काय झालं? पहिल्याचं नाक अर्ध्या तासात फाटलं, मी काढून दुसरं लावलं. दुसऱ्याची शेपूट मरळीनं साफ कापून नेली. दात! तिसरं मी घाईनं ओढून काढताना मधोमध चिरलं. चौथं आणि पाचवं झाडांना अडकलं, मी जोर लावला, दोरी तुटली. नऊ वाजेपर्यंत पाच खलास, मासा शून्य. उरली तीन, आणि अजून दीड दिवस बाकी. मोलगीच्या बाजारात आमचूर हवा तेवढा मिळतो, प्लॅस्टिकची गांडुळं नाही.

फाटलेली तीन मी पाण्यात भिरकावणार, तेवढ्यात मामांनी विचारलं, "ताई, ते मासा खाईल का?"

"खाईल बहुतेक."

"मग पोटात विरघळेल का?"

मी हात मागे घेतला. नाही विरघळत. प्लॅस्टिकच ते. पाण्यात फुगतं आणि गिळलंच तर माशाच्या पोटात अडकून बसतं.

त्यांच्याच गावाची झाडं

दुपारी मामा ओट्यावर जाळं घेऊन बसले. नायलॉनचं बारीक जाळं, त्यात हाताएवढं भगदाड. डाव्या हातानं भोकाची कड ताणायची, उजव्या हातातल्या सुईनं घर घालायचं, गाठ मारायची, बोटानं माप घ्यायचं, पुढचं घर. एक भगदाड बुजवायला तास गेला. कशानं फाटलं, मी विचारलं.

"सागाला अडकलं."

"पाण्यातल्या झाडाला?"

"आमच्याच. घरामागं होता. बापानं कुणाला कापू दिला नाही." सुई थांबली नाही. "आता जाळं फाडतो."

काही क्षण मला काही बोलताच येईना. सकाळी मी ज्या फांद्यांवर चिडून दोरी तोडत होते, ते कुणाचं तरी परसदार होतं.

सरदार सरोवराची भिंत गुजरातेत केवडियाजवळ. पायाभरणी १९६१ ची. महाराष्ट्रातली ३३ गावं या पाण्याच्या टापूत आली, सगळी अक्कलकुवा आणि अक्राणी या दोन तालुक्यांतली. सर्वात आधी मणिबेली. तिथलं शूलपाणेश्वराचं जुनं मंदिर पाण्याखाली गेलं. याच गावाच्या नावानं १९९४ मध्ये 'मणिबेली जाहीरनामा' निघाला आणि मोठ्या धरणांना जागतिक बँकेनं पैसा देऊ नये ही मागणी जगभर पोचली. २०१७ मध्ये दरवाजे बंद झाले आणि सप्टेंबर २०१९ मध्ये पाणी पहिल्यांदा पूर्ण पातळीला, १३८.६८ मीटरला, टेकलं. काही कुटुंबं तळोदा तालुक्यातल्या वसाहतींत गेली, काही वर सरकून काठावरच राहिली. मामांचं घर हे वर सरकलेलं.

पाण्याबरोबर मासेही बदलले. महसीरला लागतं वाहतं, दगडगोट्यांचं पाणी. कटला-रोहूला साठलेलं चालतं. नदीत मासे पकडणाऱ्या माणसांना तलावातली मासेमारी नव्यानं शिकावी लागली. होडी, खोल पाण्याची जाळी, विस्थापितांच्या मच्छीमार सहकारी संस्था. म्हणजे मामांच्या मांडीवर होती ती नुसती जाळी नव्हती. शेत गेल्यावर जे हाती आलं, ते होतं. ते फाटलं म्हणून कोण फेकून देईल?

सात मिनिटांचा व्हॉइस मेसेज

पाड्यावर रेंज नाही. पण माझ्या त्या पुणेकर मित्राचा सात मिनिटांचा व्हॉइस मेसेज मोलगीतच डाउनलोड होऊन पडला होता. विषय : गांडुळं जास्त दिवस कशी टिकवायची. 'हो रे बाबा, ऐकते' म्हणून मी तो ऐकलाच नव्हता. आता अथपासून इतिपर्यंत दोनदा ऐकला. त्याचं सार असं :

नाक फाटलं म्हणजे गांडूळ मेलं नाही. फाटलेला सेंटिमीटरभर भाग कापा आणि पुन्हा गळावर चढवा. आखूड गांडूळही मासा घेतो. दोन्ही टोकांची जाडी सारखी असेल, तर उलटं करून लावा.

फेविक्विक जवळ ठेवा. गळाच्या वरच्या टोकाशी, जिथे गांडुळाचं नाक टेकतं, तिथे एक थेंब. गांडूळ घसरत नाही. चिरलेल्या जागीही तेच, फक्त आधी पाणी पुसून कोरडं करा.

उष्णतेनं सांधा. सुई किंवा चाकूचं पातं तापवून चिरेच्या दोन्ही कडांना लावायचं, कडा वितळल्या की दाबून धरायच्या. उघड्यावर करा, धूर नाकात जाऊ देऊ नका.

मधोमध टोचायचं असेल तर रबरी रिंग घाला. नळदुरुस्तीच्या दुकानात मिळते ती छोटी रिंग गांडुळाच्या कमरेला चढवायची आणि गळ रिंगेखालून न्यायचा. ताण रिंगेवर येतो, प्लॅस्टिकवर नाही.

काढताना ओढू नका. गळ ज्या वाटेनं आत गेला, त्याच वाटेनं उलटा फिरवत बाहेर काढा. निम्मी गांडुळं मासा फाडत नाही, आपण फाडतो.

ठेवायची मूळ पाकिटातच. यांचा मऊपणा आतल्या तेलकट द्रव्यामुळे असतो. कडक प्लॅस्टिकच्या डबीत ठेवली तर ते द्रव्य डबीलाच विरघळवतं. वेगवेगळ्या प्रकारची एकत्र ठेवली तर रंग एकमेकांत उतरतात. काही जातीची तर चिकटून एकच लगदा होतो. उन्हात तापलेल्या गाडीत तर मुळीच नको.

मेसेजच्या शेवटी तो म्हणाला होता, "आणि खारवलेली घेतलीस तर ती जास्त लवकर फाटतील. मासा मिठाची चव धरतो, पण मिठानं प्लॅस्टिक कमजोर होतं. आता तू कुठली घेतलीस, सांग." मी पाकीट पाहिलं. अर्थातच खारवलेली!

जुगाड, दुसरा डाव

संध्याकाळी चुलीशेजारी बसून मी ऑपरेशन सुरू केलं. मामींनी सुई तापवून दिली. घरातली दोन पोरं टॉर्च धरून बसली. चिरलेलं गांडूळ सांधलं. नाक फाटलेलं कापून आखूड केलं. शेपूट गेलेलं उलटं करून ठेवलं. मामींनी ते बोटानं दाबून पाहिलं आणि हसल्या, "खोटं गांडूळ, त्याला दवाखाना!" मग मक्याची भाकरी, उडदाची डाळ आणि सकाळी मामांच्या जाळ्यात आलेल्या कटल्याचा झणझणीत रस्सा. माझ्या गळाचं त्यात काहीच योगदान नाही, हे पोरांनी मला दोनदा ऐकवलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मामा होडीतून बरोबर आले. तिसऱ्याच फेकीला गळ झाडात अडकला. मी सवयीनं ओढायला लागले, तर त्यांनी हात धरला. दोरी सैल सोडायला लावली, होडी वल्हवत झाडाच्या पलीकडे नेली आणि ज्या बाजूनं गळ गेला होता त्याच्या उलट दिशेनं हलकेच खेचलं. सुटला! गांडुळासकट. मग न सांगताच ते कालच्या झाडांकडे वळले. एका फांदीला माझी तुटलेली दोरी लोंबत होती. तिच्या टोकाला चौथं गांडूळ शाबूत. पाचवं मात्र सापडलं नाही. ते खाली कुठेतरी, त्यांच्या गावात राहिलं. याचं मला अजूनही वाईट वाटतं.

साडेसातच्या सुमाराला, कापून आखूड केलेल्या त्या पहिल्याच गांडुळावर धाडकन झडप पडली. या वेळी घाई केली नाही. मनात एक, दोन म्हटलं, मग रॉड उचलला. मरळ! मामांच्या कोपरापासून बोटांपर्यंत भरेल एवढी. पाण्याबाहेर आली तरी डोळे वटारून बघत होती. मरळ हवेतूनही श्वास घेते, पटकन हार मानत नाही. गळ उलटा फिरवून काढला. गांडुळाला दोन दातांच्या खुणा, बाकी ठणठणीत.

पोरांनी ती मरळ अख्ख्या पाड्याला दाखवून आणली. मला वाटलं, आता मामा कौतुक करतील. त्यांनी मासा नाही, गांडूळ हातात घेतलं, उलटंसुलटं पाहिलं आणि म्हणाले, "अजून चालेल."

माझ्या आयुष्यातली सगळ्यात भारी कॉम्प्लिमेंट!

आम्ही शहरात दर दोन वर्षांनी फोन बदलतो, चेन बिघडली की सॅक बदलतो. दुरुस्ती म्हणजे गरिबी, असं डोक्यात कुठेतरी बसलेलं असतं. मामांच्या ओट्यावर मला कळलं, ते वस्तूकडे नीट बघणं असतं. कुठे ताण येतो, कुठून फाटतं, कुठल्या दिशेनं ओढलं की सुटतं. तुटेपर्यंत ओढायची घाई फक्त मला होती.

परतताना पाकिटात सहा गांडुळं होती. एक अजून तळाशी आहे, आणि एक मी मामांच्या धाकट्याला देऊन आले. सोबत फेविक्विक आणि एक सूचना : फाटलं तर पाण्यात टाकायचं नाही. तो म्हणाला, "फाटलं तर शिवीन."

कसं जाल?

सुरत-भुसावळ मार्गावरचं नंदुरबार हे जवळचं मोठं स्टेशन. तिथून तळोद्यामार्गे अक्कलकुव्याला एसटी. पुढे देवगोई घाटातून मोलगीला बस किंवा जीप. नदीकाठच्या पाड्यांवर हॉटेल वगैरे नाही, ओळख काढूनच जा. गळ टाकण्याआधी तिथल्या मच्छीमारांना विचारा, पाणी त्यांच्या पोटापाण्याचं आहे. पावसाळा हा मरळीचा विणीचा काळ. पिल्लांचा घोळका राखणारी मरळ दिसली तर गळ गुंडाळा. फाटलेली गांडुळं, तुटलेली दोरी सगळं बॅगेत परत आणा. आणि हो, होळीला गेलात तर रॉड घरीच ठेवा. त्या रात्री काठीत पाण्याकडे बघायला कुणाला वेळ असतो?