नोंद नसलेली रात्र

भूल देण्याचा व्यवसाय पत्करलेल्या मनुष्याला जी औषधे नित्य हाताळावी लागतात, त्यांत प्रोपोफॉल हे एक. दिसायला दुधासारखे पांढरे, सोयाबीनचे तेल आणि अंड्याच्या बलकातील लेसिथिन यांच्यात मिसळून तयार केलेले. शिरेत जाताना ते झोंबते. रुग्ण ‘डॉक्टर, हात जळतोय’ असे म्हणतो, आणि ते वाक्य पुरे होते न होते तोच त्याच्या पापण्या मिटतात, हनुवटी मागे ढळते, आणि उशाशी उभ्या असलेल्या भूलतज्ज्ञाने तत्क्षणी जबडा वर उचलून धरला नाही, तर श्वासाची वाट बंद होण्याचा संभव असतो. अफूच्या जातीच्या औषधांवर नॅलॉक्सोन हा उतारा आहे, डायझेपामच्या जातीवर फ्लुमाझेनिल आहे. प्रोपोफॉलला असा उतारा नाही. औषध ओसरेपर्यंत जवळून न हलणारा मनुष्य आणि त्याच्या हाताशी असलेला प्राणवायू, एवढाच काय तो त्याचा उपाय.

हे औषध मायकेल जॅक्सन या जगद्विख्यात गायकाला लॉस एंजलिसमधील भाड्याच्या हवेलीत, त्याच्या शयनगृहात, झोप यावी म्हणून जवळजवळ रोज रात्री दिले जात होते, आणि २५ जून २००९ रोजी तेथेच त्याचा श्वास थांबला. १ नोव्हेंबर १९९६ रोजी अंधेरीच्या क्रीडासंकुलात ज्यांनी त्याला प्रत्यक्ष नाचताना पाहिले होते, अशी आपल्याकडची कितीतरी माणसे त्या बातमीने हळहळली. ती हळहळ कालांतराने निवली. परंतु त्या मृत्यूने माझ्या व्यवसायापुढे जो प्रश्न टाकला, तो माझ्या मनातून अद्याप गेलेला नाही.

त्याचे डॉक्टर कॉनराड मरे हे हृदयरोगाचे वैद्य. भूलशास्त्र हा त्यांचा विषय नव्हे. जुलैपासून लंडनला ५० प्रयोग व्हावयाचे होते, त्यासाठी दरमहा १,५०,००० डॉलर वेतनावर त्यांची नेमणूक ठरली होती, आणि करारनाम्यावर गायकाची सही व्हावयाची तेवढी राहिली होती. मृत्यूनंतर दोन दिवसांनी त्यांनी पोलिसांपुढे जो जबाब दिला, त्याप्रमाणे गायक मध्यरात्रीनंतर तालमीहून परतला. दीडच्या सुमारास डायझेपाम, दोन वाजता लोराझेपाम, तीन वाजता मिडाझोलाम, पुढे पहाटे आणि सकाळी पुन्हा यांतली शेवटची दोन औषधे, इतके होऊनही झोप येईना. तो प्रोपोफॉलसाठी विनवू लागला, आणि १० वाजून ४० मिनिटांच्या सुमारास डॉक्टरांनी त्याला २५ मिलिग्रॅम दिले. आपण प्रसाधनगृहात गेलो आणि दोन मिनिटांनी परत येऊन पाहतो तो श्वास बंद, असे त्यांचे म्हणणे. खटल्यात दाखल झालेल्या दूरध्वनीच्या दप्तरावरून मात्र त्या सकाळी डॉक्टर वारंवार फोनवर बोलत असल्याचे दिसले. बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरला धोक्याचा इशारा आवाजाने देण्याची सोय नव्हती. आणि तातडीच्या मदतीसाठी फोन गेला तो बारा वाजून वीस मिनिटांच्या पुढे, तोही एका सुरक्षारक्षकाने केलेला.

आता यातील एक गोष्ट माझ्यासारख्याला चटकन खटकते. २५ मिलिग्रॅम ही मात्रा फार अल्प आहे. धडधाकट प्रौढाला शस्त्रक्रियेसाठी निजवताना आम्ही तिच्या चौपट-पाचपट देतो आणि तिचा अंमल काही मिनिटांतच उतरतो. शवचिकित्सेत रक्तात सापडलेले प्रमाण मात्र मोठ्या शस्त्रक्रियेच्या भुलीला शोभेल इतके होते. मग त्या खोलीत खरोखर दिले किती, कसे आणि कोणी? सरकारपक्षातर्फे साक्ष देणारे भूलतज्ज्ञ डॉ. स्टीव्हन शेफर यांनी औषध सलाईनमधून सतत चालू असावे असे गणिताने मांडले. बचावपक्षाने रुग्णाने स्वतःच टोचून घेतले असावे अशी कैफियत दिली. मिनिटामिनिटाचा तपशील लिहिलेला एक साधा कागद असता, तर हा वाद उद्भवलाच नसता. तो कागद नव्हता, कारण डॉक्टरांनी त्या उपचाराची नोंदच ठेवलेली नव्हती. इतकेच नव्हे, तर धावून आलेल्या रुग्णवाहिकेच्या सेवकांना आणि पुढे रुग्णालयातील डॉक्टरांनाही त्यांनी प्रोपोफॉलचे नाव सांगितले नाही.

ज्यूरीने ७ नोव्हेंबर २०११ रोजी त्यांना अनैच्छिक मनुष्यवधाबद्दल दोषी ठरवले, चार वर्षांची सजा झाली आणि सुमारे दोन वर्षांनी ते सुटले.

रुग्ण सज्ञान होता, त्यानेच मागितले, आणि एकाने नाकारले असते तर दुसऱ्याने दिलेच असते, हा युक्तिवाद अशा प्रत्येक मृत्यूनंतर ऐकू येतो, आणि तो मला सर्वथा अमान्य आहे. व्याकूळ मनुष्य काहीही मागेल. त्याच्या याचनेपुढे अविचल राहता यावे एवढ्यासाठीच तर वैद्याला एवढे शिक्षण आणि अधिकार दिलेला असतो. परंतु ज्याच्या घरी राहावयाचे, ज्याच्या एका शब्दावर आपला तनखा अवलंबून आणि ज्याच्याखेरीज दुसरा रुग्ण नाही, त्याला नाही म्हणण्याचे बळ वैद्यात कोठून यावे? एल्व्हिस प्रिस्लीच्या डॉक्टरांनी १९७७ च्या पहिल्या आठ महिन्यांत त्याच्यासाठी दहा हजारांहून अधिक मात्रा लिहून दिल्या होत्या; फौजदारी खटल्यात १९८१ मध्ये ते निर्दोष सुटले, आणि त्यांचा परवाना रद्द होण्यास १९९५ साल उजाडले. धनाढ्य रुग्णाला वाटते की आपण वैद्य विकत घेतला. वस्तुतः त्या दिवसापासून त्याला वैद्यच उरत नाही.

मरे यांच्या फोनवर १० मे २००९ रोजीचे एक ध्वनिमुद्रण सापडले, ते न्यायालयात ऐकवण्यात आले. औषधाच्या गुंगीत शब्द अडखळत आहेत, आणि तशा अवस्थेत तो गायक लहान मुलांसाठी मोठे रुग्णालय बांधण्याविषयी बोलतो आहे. आपला रुग्ण कोणत्या दशेला पोचला आहे हे डॉक्टरांनी स्वतःच्या कानांनी ऐकले होते, आणि त्यानंतरही सहा आठवडे औषध चालू राहिले.

त्याच्या वृद्ध मातेने कार्यक्रमाच्या आयोजक कंपनीवर दावा लावला. ऑक्टोबर २०१३ मध्ये ज्यूरीने उत्तर दिले की डॉक्टरांना कंपनीने नेमले होते हे खरे, परंतु ज्या कामासाठी नेमले त्याला ते अपात्र नव्हते. आणि दावा तेथेच निकालात निघाला. त्या मातेला द्रव्याची अभिलाषा होती असे म्हणणारे लोक तेव्हा पुष्कळ भेटले. मला तसे वाटत नाही. शस्त्रक्रियागृहाचे दार उघडून बाहेर बसलेल्या नातलगांना मृत्यूची वार्ता सांगण्याचे काम ज्यांनी केले आहे त्यांना ठाऊक आहे की पहिला आकांत ओसरल्यावर माणसे एकच गोष्ट विचारतात: शेवटी काय झाले, तेव्हा त्याच्याजवळ कोण होते, त्याला त्रास झाला का? या प्रश्नांची खरी उत्तरे मिळाली तर शोक कमी होत नाही, पण तो मार्गी लागतो; ती मिळाली नाहीत तर शोकाची जागा संशय घेतो, आणि संशयाला अंत नसतो. जॅक्सनच्या मातेला आणि तीन मुलांना त्या सकाळची हकीकत वकिलांच्या परस्परविरोधी भाषणांतून गोळा करावी लागली, आणि ती आजही पुरी नाही.

भुलीच्या तक्त्यावर आम्ही दर पाच मिनिटांनी नाडी आणि रक्तदाब मांडतो, दिलेले प्रत्येक औषध वेळेसह लिहितो. हे काम कारकुनी आहे असे समजणाऱ्या तरुण सहकाऱ्यांना माझे कळकळीचे सांगणे आहे की दुर्दैवाने प्रसंग ओढवला तर त्या कुटुंबाला देण्यासारखे तुमच्यापाशी तेवढेच असते. आणि वाचकांना सांगणे हे की हा कागद मागण्यास संकोचू नका. भारतीय आयुर्विज्ञान परिषदेच्या २००२ च्या विनियमांप्रमाणे, रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागणी केल्यास वैद्यकीय अभिलेख ७२ तासांच्या आत देणे डॉक्टरवर बंधनकारक आहे.