कानबाईचे डोळे

बमरोलीत राहायला येऊन आमच्या कुटुंबाला बरीच वर्षे झाली, पण श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशातली कानबाई आमच्या घरी बसतेच. तिच्या नारळाला लावायचे चांदीचे डोळे वर्षभरात काळे पडतात. एकदा आम्ही भावंडांनी ते टूथपेस्ट लावून खसाखसा घासले. डोळे लखलखले, पण बुबुळांच्या कोरीव रेषा पुसट झाल्या. आजी एवढेच म्हणाली, "डोळेच पुसलेत रे तुम्ही!"

मग शाळेत बाईंना विचारले. काळा थर म्हणजे मळ नव्हे. हवेतल्या गंधकयुक्त वायूंशी संयोग झालेली ती चांदीच. घासली की तीही झिजून जाते. पुढच्या वर्षी काचेच्या वाडग्यात ॲल्युमिनियमची फॉइल पसरली, डोळे तिला टेकवून ठेवले, चमचाभर खाण्याचा सोडा व मीठ टाकले आणि आईने वरून कढत पाणी ओतले. काही मिनिटांत काळेपणा गेला. गंधक सुटले, चांदी जागेवर राहिली. मोत्यांची नथ मात्र या पाण्यात घातली नाही, मऊ कापडानेच पुसली.

पुसट झालेल्या रेषा काही परत आल्या नाहीत. उरल्या आहेत त्या आता आम्ही जपतो.