गाड्या गेल्या, मतं राहिली

बीड जिल्ह्यात पत्रकारिता करायची आणि ऊसतोडीवर लिहायचं नाही, हे होत नाही. दसरा सरला की मुकादमांच्या चकरा वाढतात, दिवाळीनंतर बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातल्या वाड्या-तांडे रिकामे होतात आणि उन्हाळा लागेपर्यंत तिथं म्हातारी माणसं, शाळेपायी मागं ठेवलेली लेकरं आणि दारांची कुलपं तेवढी उरतात. हे सगळं मी वर्षानुवर्षं छापलं. उचल फिटली नाही म्हणून अडकवून ठेवलेली कुटुंबं, फडातली बाळंतपणं, उसाची गाडी उलटून गेलेले जीव. २०१९ साली गर्भाशय काढलेल्या बायकांचा प्रश्न राज्यभर गाजला. सरकारी समितीपुढं आलेल्या पाहणीत एकट्या बीड जिल्ह्यात १३ हजारांहून जास्त ऊसतोड महिलांचं गर्भाशय काढल्याचं दिसलं. त्यातल्या कितीतरी जणींच्या ओट्यावर बसून मी त्यांचं ऐकून घेतलं होतं. विधिमंडळात चर्चा झाली, समितीच्या शिफारशी आल्या. पुढच्या हंगामात त्याच बायका पुन्हा फडात मोळ्या बांधत होत्या.

२०२४ च्या विधानसभेला मी अपक्ष उभी राहिले ती यामुळे. बातमीनं प्रश्न वेशीवर टांगता येतो, पण मंत्र्याला सभागृहात उभं करून उत्तर मागायचा हक्क आमदाराचा. माथाडी कामगारांसाठी महाराष्ट्रानं १९६९ साली कायदा केला. ऊसतोड कामगारांच्या वाट्याला कल्याण मंडळ आलं, मुलांसाठी वसतिगृहांची योजना आली, पण कारखान्याला मालक म्हणून बांधून घेणारा वेगळा कायदा अजून आलेला नाही. बबनराव ढाकणे, गोपीनाथ मुंडे यांच्यासारखे नेते या कामगारांच्या लढ्यात पुढं होते. संप झाले, दर वाढले. २०२४ च्या जानेवारीतही तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मिळाली. दर वाढतो, पण करार मुकादमाशीच राहतो. कारखान्याच्या कागदावर कोयता चालवणाऱ्या बाईचं नाव कुठंच नसतं. हे बदलायचं तर ते विधानसभेतच बदलेल, असं माझं मत होतं आणि आजही आहे.

नोकरी सोडली तेव्हा घरच्यांनी एकच विचारलं, पैसे कुठून आणणार? खर्चाची मर्यादा ४० लाखांची. आमच्याकडं त्याच्या आसपासही जाईल असं काही नव्हतं. अनामत १० हजार रुपये, तेवढी सोय होती. निवडणुकीचं वेगळं बँक खातं उघडलं, ओळखीच्या शिक्षकांनी, एसटीतल्या कर्मचाऱ्यांनी, बचत गटातल्या बायकांनी जमेल तसे पैसे घातले, आणि पावती पुस्तक माझ्या भाचीनं सांभाळलं.

मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, अपक्षाला दहा लागतात, आणि दहाही त्याच मतदारसंघातले मतदार हवेत. मी ठरवलं होतं, दहाच्या दहा सूचक ऊसतोडीच्या घरातले घ्यायचे. सही करणाऱ्या सूचकानं तहसीलला यायलाच हवं असं नाही, पण अंगठा असेल तर तो अधिकाऱ्यासमोर उमटवावा लागतो. आमच्यात एक आजी होत्या. सारी उमर कोयता धरून बोटांच्या रेषा पुसलेल्या. त्यांनी शाईच्या पॅडवर अंगठा टेकवला, कागदावर ठेवला तर नुसता काळा डाग. कारकुनानं दुसरा कागद पुढं केला. आजींनी अंगठा पदराला पुसला, परत दाबला आणि सावकाश उचलला. या खेपेला कडेच्या दोन-तीन रेषा उमटल्या. अधिकाऱ्यानं शेजारी सही केली. आजी मला म्हणाल्या, "उचलीच्या कागदावर लई अंगठे दिले ताई. हा पहिलाच माझ्या मर्जीचा."

छाननीत अर्ज टिकला. चिन्ह मिळालं शिलाई मशीन. मतदान २० नोव्हेंबरला, निकाल २३ ला.

प्रचाराचं वर्णन करत बसत नाही. एक जीप, एक भोंगा आणि पायी फिरणं. पण त्या निवडणुकीत आमच्या जिल्ह्यात काय हवा होती, ते सांगितलंच पाहिजे. आरक्षणाच्या प्रश्नावरून गावागावांत मराठा आणि ओबीसींची मनं दुभंगलेली होती. ४ नोव्हेंबरला, अर्ज मागं घ्यायच्या शेवटच्या दिवशी, मराठा आरक्षणासाठी लढणाऱ्या मनोज जरांगे यांनी उमेदवार उभे करणार नसल्याचं जाहीर केलं आणि पारापारावरची गणितं दुपारपर्यंत बदलली. कित्येक ठिकाणी माझं बोलणं सुरू व्हायच्या आधी आडनाव विचारलं जाई, मग माहेर, मग सासर. वर्षानुवर्षं ज्या घरांत पत्रकारताई म्हणून चहा घेतला, तिथं माणसं दारात उभी राहून अंदाज घेऊ लागली की ही कोणाची मतं खाणार. मला त्यांचा राग आला नाही. ज्या गावात एकमेकांच्या दुकानावर जाणं बंद झालंय, तिथं माणूस आधी आपलं कोण हेच बघणार. सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि बाजारात त्याच्या खाली विकावं लागत होतं, हे दोन्हीकडच्या शेतकऱ्याला सारखंच झोंबत होतं. पण त्यावर बोलायला दोन्हीकडचे एका जागी बसत नव्हते.

आणि पॅकेज. हा शब्द मी वर्तमानपत्रात कामाला होते तेव्हापासून ऐकत आले, पण उमेदवार म्हणून तो समोर येतो तेव्हा फार लागतो. एका वृत्तपत्राच्या तालुका बातमीदाराचा फोन आला. माझ्याच हाताखाली बातमी लिहायला शिकलेला मुलगा. दौऱ्याच्या इतक्या बातम्या, एक मुलाखत, शेवटच्या दिवशी पान, असा दर त्यानं खाली मान घालून सांगावा तसा सांगितला. पत्रकार पी. साईनाथ यांनी महाराष्ट्रातल्या २००९ च्या निवडणुकीतल्या पेड न्यूजवर लिहिलं, २०१० मध्ये प्रेस कौन्सिलच्या उपसमितीनं त्यावर अहवाल दिला, आता जिल्ह्याजिल्ह्यात माध्यमांवर लक्ष ठेवणारी समितीही असते. तरी पोरगं फोन करतं, कारण गावाकडच्या बहुतेक बातमीदारांना धड पगार नाही. जाहिरातीच्या कमिशनवर त्याचं घर चालतं आणि पाच वर्षांत निवडणूक हीच त्याची सुगी. मी नाही म्हटलं. माझी बातमी आली नाही. अर्ज भरला त्या दिवशी इतर उमेदवारांच्या यादीत नाव छापून आलं, तेवढंच.

पण हे सगळं मला अपेक्षित होतं. ज्यानं मी हबकले ते वेगळंच होतं.

त्या वर्षीचा गाळप हंगाम १५ नोव्हेंबरपासून होता. मतदानाच्या पाच दिवस आधी. कारखाना पेटायच्या आधी टोळ्या पोचलेल्या लागतात, म्हणजे भाऊबीज झाली की गाड्या भरायला सुरुवात. एका वाडीत मी संध्याकाळी पोचले तर सभेला माणूस नाही. सगळे ट्रॅक्टरजवळ. ट्रॉलीत खाली बाजरीची पोती, त्यावर कोपीसाठी, म्हणजे फडावरच्या झोपडीसाठी, बल्ल्या आणि पाचटावर टाकायचा ताडपत्रीचा गुंडाळा, पाण्याचा निळा ड्रम, पत्र्याची पेटी, दोरीनं पाय बांधलेल्या कोंबड्या. एक बाई ट्रॉलीच्या चाकाजवळ बसून लेकराला पाजत होती. दुसरी घरातून हंडे आणून देत होती आणि दर खेपेला दाराची कडी पुन्हा लावत होती, जणू कोणी आत शिरेल. मी पत्रक दिलं. तिनं ते नीट घडी करून ब्लाउजमध्ये ठेवलं आणि म्हणाली, "ताई, तुम्ही आमच्याच कामाचं बोलायलात. पण आम्ही उद्याच्याला कर्नाटकात. मत कोण टाकणार?"

तिच्या खात्यात लाडकी बहीण योजनेचे ७,५०० रुपये जमा झाले होते. आचारसंहितेच्या आधीच नोव्हेंबरपर्यंतचे हप्ते आले होते. सरकारी पैसा फडात गेलेल्या बाईपर्यंत बँकेतून पोचू शकतो. तिचं मत मात्र तिथून इकडं येऊ शकत नाही.

मी मुकादमाला विचारलं, वीस तारखेनंतर निघालं तर? तो म्हणाला, "मी कारखान्याची उचल घेतलीय, यांनी माझी. टोळी वेळेवर नाही गेली तर फड दुसऱ्याला." त्याचंही खोटं नव्हतं. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि एका कोयत्याची उचल आता लाखाच्या घरात गेलेली. एक दिवस काम बुडालं तर खाडा लागतो आणि तो उचलीत चढतो. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १३५ ब कलमात मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी सांगितली आहे, रोजंदारीवरच्या मजुरालाही. पण सुट्टी द्यायची कोणी? कारखाना म्हणतो हे आमचे कामगार नाहीत, मुकादम म्हणतो मी काही मालक नाही. आणि समजा दिली, तरी शेकडो किलोमीटरवरून एका दिवसात येऊन जाणार कसं? भाड्यानं? उमेदवारानं गाड्या लावून मतदार आणणं त्याच कायद्याच्या १२३ व्या कलमाखाली भ्रष्ट आचरण ठरतं. माझ्याकडं पैसे असते तरी मी ते केलं नसतं. मतदानाच्या आदल्या रात्री काही गावांत गाड्या भरून माणसं उतरली, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलं. ज्याच्याकडं डिझेलचे पैसे, त्याचा मतदार येतो. ज्यांचा प्रश्न घेऊन मी उभी होते, ते यायचे असतील तर दुसऱ्या कोणाच्या गाडीत बसून यायचे.

वीस तारखेला त्या वाडीतल्या केंद्रावर आमचा प्रतिनिधी म्हणून आजींचा नातू बसला होता. मतदान केलेल्या नावावर रेघ मारायची, हे त्याचं काम. संध्याकाळी त्यानं यादी माझ्या हातात दिली. घर क्रमांकानुसार नावं असतात. एका घरात सासू-सासऱ्यांच्या नावावर रेघ, खालची चार कोरी. पुढच्या घरात एक रेघ, पाच कोरी. अख्खी पानं तशीच. ही नावं मयत नव्हती, दुबार नव्हती, मतदानाला कंटाळलेली शहरी माणसंही नव्हती. ती उसाच्या फडात होती.

राज्यात त्या निवडणुकीत ४,१३६ उमेदवार होते, त्यातले २,०८६ अपक्ष. अपक्षांतले निवडून आले दोन. वैध मतांच्या एक षष्ठांश मतं मिळाली नाहीत तर अनामत जप्त होते, माझीही झाली. ऊसतोड कामगार गावात असते तर मी निवडून आले असते, असं मी म्हणत नाही. त्यांनी कोणालाही दिलं असतं. पण ते त्यांनी द्यायला हवं होतं. एवढ्या लोकांचं मत दर हिवाळ्यात बुडीत धरून ज्या जिल्ह्यात निवडणूक होते, तिथल्या आमदाराला ऊसतोडीच्या कायद्याची घाई का असावी?

यावर उपाय नाही असं कोणी सांगितलं तर मानू नका. सीमेवरचा जवान टपालानं मत देतो. काश्मीर खोऱ्यातून विस्थापित झालेल्यांसाठी जम्मू आणि दिल्लीत मतदानाची खास सोय केली जाते. ८५ वर्षांवरच्या मतदाराच्या घरी आयोगाची माणसं जातात, ती गेलीच पाहिजेत. बाहेरगावी राहणाऱ्यांसाठी एकाच यंत्रावर ७२ मतदारसंघांचं मतदान घेता येईल असा नमुना निवडणूक आयोगानंच २०२३ च्या जानेवारीत पक्षांपुढं मांडला होता, तो तिथंच थांबला. त्याचीही वाट पाहायला नको. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या ६० व्या कलमानुसार सरकारशी सल्लामसलत करून आयोग एखाद्या वर्गाला टपाली मतदानासाठी अधिसूचित करू शकतो. हंगामी ऊसतोड कामगार हा तसा वर्ग ठरवता येतो. कुठल्या कारखान्यावर कुठल्या गावची टोळी आहे याची नोंद मुकादमाच्या वहीत पक्की असते, उचल दिलेला माणूस कोणी हरवू देत नाही. ती नोंद सरकारदप्तरी आणा, कारखान्याच्या आवारात सुविधा केंद्र उघडा. हे जमत नसेल तर निदान मतदान होईपर्यंत गाळप सुरू करू नका. हंगामाची तारीख सरकारच ठरवतं.

मी पुन्हा उभी राहणार का, हे लोक विचारतात. तो प्रश्न नंतरचा. विधानसभेची पुढची निवडणूक २०२९ मध्ये आहे आणि ती याच दिवसांत आली तर त्या वाडीतली यादी पुन्हा कोरी राहील. तुम्ही साखर कारखान्याच्या पट्ट्यात राहत असाल तर या हंगामात एकदा फडावर जा, कोपीत राहणाऱ्यांना विचारा की मागच्या वेळी मत टाकलं का. मिळालेलं उत्तर लिहून आपल्या आमदाराला आणि मुख्य निवडणूक अधिकाऱ्याला पाठवा. मी पाठवलं आहे. एकटीच्या पत्राला पोचही येत नाही, हजार पत्रं आली तर उत्तर द्यावं लागेल.