जुन्या झेनचं अ‍ॅव्हरेज

जुन्या गाडीचं अ‍ॅव्हरेज वाढवायचं म्हटलं की पहिला सल्ला मिळतो गाडी विकण्याचा आणि दुसरा सीएनजी किट बसवण्याचा. आमच्या 2002 च्या मारुती झेनच्या बाबतीत मला यातलं काहीच करायचं नव्हतं. 993 सीसीचं अ‍ॅल्युमिनियमचं इंजिन, एमपीएफआय, वजन जेमतेम पाऊण टन. एवढी हलकी गाडी पुणे-कोल्हापूर रस्त्यावर लिटरला 15 किलोमीटर देत असेल, तर त्याचं खापर वयावर फोडणं मला पटेना. पेट्रोल कुठेतरी वाया जात होतं आणि ते शोधायचं होतं.

आधी मोजमाप नीट बसवलं. पंप एकच, ऑटो-कट झाला की तिथेच थांबायचं, वर आणखी भरायचं नाही. कोल्हापूरकडे जाताना खंबाटकीचा घाट चढावा लागतो आणि परतताना बोगद्यातून यायचं असतं, त्यामुळे एका बाजूचा आकडा काही कामाचा नाही. जाणं-येणं मिळूनच हिशोब धरायचा. ओडोमीटर महामार्गावरच्या किलोमीटरच्या दगडांशी ताडून पाहिला, तेव्हा कळलं की तो अंतर कमी दाखवतोय. आधीच्या मालकाने रुबाबासाठी मोठे, रुंद टायर बसवले होते. तेवढी दुरुस्ती धरूनही आकडा 15 च्या फार पुढे सरकेना. टायर पुन्हा कंपनीच्या मापाचे घातले. हवा आता सकाळी, टायर थंड असतानाच भरतो.

खरा चोर सापडला तापमानाच्या काट्यात. शहरात काटा मध्यावर असायचा. शिरवळ सोडून गाडी एका वेगात लागली की तो हळूहळू खाली यायचा आणि पावसाळ्यात तर पार तळाशी जायचा. ‘इंजिन थंड राहतंय, चांगलंच आहे की,’ असं सगळे म्हणायचे. मिस्त्रींना थर्मोस्टॅटचं झाकण उघडायला लावलं. आत थर्मोस्टॅटच नव्हता. रिकामी जागा आणि तिच्या कडेला गंजाचा तांबूस थर.

‘उन्हाळ्यात गाडी गरम होते म्हणून काढून टाकतात, सर. जुन्या गाड्यांमध्ये बऱ्याचदा नसतोच,’ मिस्त्री म्हणाले.

थर्मोस्टॅट म्हणजे एक झडप. इंजिन थंड असताना ती बंद राहते, म्हणजे कूलंट इंजिनातल्या इंजिनातच फिरून लवकर तापतं. साधारण 82 अंशांच्या आसपास ती उघडते आणि मग कूलंट रेडिएटरकडे जातं. झडपच नसली तर महामार्गावरचा वाऱ्याचा झोत कूलंटला तापूच देत नाही. सेन्सर इंजिनाच्या संगणकाला सांगत राहतो की इंजिन अजून थंड आहे आणि संगणक इमानाने जास्त पेट्रोल सोडत राहतो. ऑइलही घट्टच राहतं. म्हणजे सकाळी गाडी सुरू केल्यावर पहिली पाच मिनिटं जी उधळपट्टी होते, ती थेट कोल्हापूरपर्यंत चालू राहायची.

नवा थर्मोस्टॅट बसवण्याआधी मी तो घरी दोऱ्याला बांधून पातेल्यातल्या पाण्यात सोडला आणि शेजारी थर्मामीटर धरला. पाणी 80 च्या पुढे गेलं तशी मधली पितळी चकती हळूच वर सरकायला लागली. तेवढ्या चकतीवर सगळं अडलेलं होतं. बसवला, रेडिएटर साफ केला, कूलंट नवं घातलं. काटा मध्यावर आला आणि खंबाटकी चढतानाही तिथेच राहिला. या एका कामाने लिटरमागे सुमारे दोन किलोमीटर वाढले.

ब्रेकचं काम त्यामानाने लवकर उरकलं. लांबच्या प्रवासानंतर चाकांजवळ हात नेला, तर डावं पुढचं चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेलं. कॅलिपरची पिन गंजून ब्रेक जरासा धरून राहायचा. पिन साफ करून ग्रीस लावलं.

मग वळलो हवेकडे. महामार्गावर हवा कापण्यात किती ताकद जाते याचा बहुतेकांना अंदाज नसतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. 80 वरून 100 वर गेलं की तो दीडपटीहून जास्त होतो. मी कागदावर हिशोब केला, तर सपाट रस्त्यावर ताशी 100 ला या गाडीला सुमारे 15 हॉर्सपॉवर लागतात आणि त्यातला मोठा वाटा एकट्या हवेचा. म्हणून टपावरचं रिकामं कॅरिअर सर्वांत आधी उतरवलं. गणपतीला सामान न्यायला लागतं म्हणून वर्षभर डोक्यावर वागवायचं, यात काहीच अर्थ नाही.

पुढच्या बंपरखालून हवा इंजिनाच्या खोलीत शिरून अडकते. तिथे मी बोर्डवाल्यांकडे मिळते तशा पन्हाळीदार प्लॅस्टिकची शीट कापून क्लिपांनी बसवली. सायलेन्सरच्या पाइपपासून चांगली हातभर लांब ठेवली आणि ऑइल सोडायच्या नटाखाली खिडकी ठेवली, नाहीतर मिस्त्रींनी पहिल्याच सर्व्हिसिंगला ती फाडून काढली असती. याचा फायदा थोडा, पण नक्की आहे. ही शीट दहा मिनिटांत निघते आणि मला तसंच हवं होतं. मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमानुसार गाडीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा फेरफार करता येत नाही आणि 15 वर्षांनंतरच्या नोंदणीला गाडी आरटीओसमोर उभी करावी लागते. मागची चाकं झाकणं, शेपूट लांबवणं हे प्रयोग परदेशातले हौशी लोक करतात. त्यांचं मला कौतुक आहे, पण आपल्या रस्त्यावर मी ते करणार नाही. पेट्रोलच्या नळीला बांधायचे लोहचुंबक विकणाऱ्यांच्या नादी तर कुणीच लागू नये.

घाट उतरताना गाडी न्यूट्रल करण्याची सवय अजून पुष्कळांना आहे. एमपीएफआय इंजिनात गिअर तसाच ठेवून पाय उचलला की वेग पुरेसा असेपर्यंत पेट्रोल बंद होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते लागतंच, शिवाय ब्रेकवर सगळा भार. न्यूट्रल करण्यात धोकाही आणि तोटाही.

आता 75-80 च्या वेगाने झेन 20 च्या वर देते. यात ई-20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा फटका धरलेला आहे. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते आणि नीती आयोगाच्या 2021 च्या आराखड्यातच जुन्या धाटणीच्या चारचाकींचं अ‍ॅव्हरेज 6 ते 7 टक्के घटेल असं म्हटलं होतं. त्यामुळे ई-20 च्या आधीच्या नोंदी मी वहीत वेगळ्या पानावर ठेवल्या आहेत, त्यांची आताच्या आकड्यांशी तुलना करत नाही. पेट्रोलच्या रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घेतल्या आहेत. टाकीजवळची एक नळी तेवढी बदलायची राहिली आहे, ती टाकी उतरवल्याशिवाय हाताला लागत नाही. पुढच्या सर्व्हिसिंगला ती होईल.