चालती भिंत

माउलींनी भिंत चालवली ती योगबळाने. मी चालवली ती काटकसरीने!

आमच्या रत्नागिरीच्या घरामागे मातीची दरड. ती अडवायला मी काँक्रीटचे तयार ठोकळे एकावर एक रचून पाच फुटी भिंत उभी केली. "पाणी जायला भोकं कशाला? उगाच खर्च!" हे माझंच वाक्य. २०१९च्या जुलैत भिंत पडली नाही. नुसती वीतभर पुढे आली. मागच्या खोलीत आई झोपते!

मेव्हणे इंजिनिअर. म्हणाले, "भावोजी, ही भिंत वजनावर उभी असते. माती ढकलते, तळाचं घर्षण धरून ठेवतं. धरणारं बळ रेट्याच्या निदान दीडपट हवं, तेही ठोकळ्यांच्या प्रत्येक थराला. उंची दुप्पट केलीत तर रेटा चौपट; आणि मागे पाणी तुंबलं, तर आहे त्याच उंचीला जवळजवळ दुप्पट!"

आता भिंतीचं बूड रुंद आहे, खालचा थर जमिनीत गाडलाय, मागे खडी आहे आणि भोकंही आहेत. पावसात ती वाहू लागली की आई निवांत झोपते.

"बूड रुंद असलं की स्थैर्य येतं," मी स्वतःकडे बोट दाखवत बायकोला समजावलं.

"तरीच तुम्ही जागचे हलत नाही!"