क्लाइनबर्गची झोपडी आणि ख्रिस्ताचे मुख

टोरंटोच्या उत्तर सीमेला भिडलेल्या वॉन शहराच्या हद्दीत, हंबर नदीकाठच्या दाट झाडीत वसलेल्या क्लाइनबर्ग गावी मॅकमायकल दांपत्याने 1951 मध्ये जमीन घेऊन जो चित्रसंग्रह उभारला व 1965 मध्ये ऑन्टारिओ सरकारच्या स्वाधीन केला, तो पाहावयास मी गेलो तो वस्तुतः कॅनडातील अरण्यांच्या निसर्गचित्रांसाठी. परंतु चित्त खिळले ते एका लाकडी झोपडीपाशी. चित्रकार टॉम थॉमसनची ही झोपडी 1962 मध्ये टोरंटोहून येथे हलविण्यात आली, आणि 1979 मध्ये नॉर्व्हाल मॉरिसो हा ओजिब्वे चित्रकार पाहुणा कलावंत म्हणून तीत काम करीत होता.

त्याच वर्षीचा त्याचा ‘शमन आणि शिष्य’ हा भव्य पट या संग्रहात आहे. जाड काळ्या रेषांनी जखडलेले ते प्रखर रंग पाहताच चर्चच्या रंगीत काचांचे स्मरण होते, आणि ते अकारण नव्हे. कारण आजोबा शमन, म्हणजे जमातीचे मांत्रिक-वैद्य, व आजी निष्ठावंत कॅथलिक अशा घरात वाढलेल्या या मुलास सहाव्या वर्षी कॅथलिक निवासी शाळेत धाडण्यात आले होते. आदिवासी मुलांची भाषा आणि दैवते हिरावून घेणाऱ्या त्या शाळांचा अपराध अक्षम्यच होय. तथापि तेथील ख्रिस्त मॉरिसोने टाकला नाही, 1974 मध्ये त्याला त्याने आपल्याच जमातीच्या रूपात रंगविले.

ख्रिस्ताचे चित्र काढावे की नाही, हा वाद मात्र फार जुना. धार्मिक प्रतिमा नष्ट करविणाऱ्या बायझंटाईन सम्राटांच्या काळात, आठव्या शतकात, दमास्कसच्या योहान या ख्रिस्ती धर्मपंडिताने प्रतिपादिले होते की निराकार ईश्वराचे चित्र अशक्य, परंतु तो देह धारण करून माणसांत वावरला, म्हणून त्या देहाचे चित्र विहित आहे. आणि 787 च्या निकिया येथील धर्मपरिषदेने ठरविले की प्रतिमेस दिलेला मान मूळ पुरुषास पोहोचतो, आराधना मात्र केवळ ईश्वराची. विठ्ठलाच्या पायी माथा टेकून निर्गुणाचे अभंग गाणाऱ्या मुलखातून आलेल्या मला हा सिद्धांत परका वाटला नाही.

तरीही ख्रिस्ती प्रतिमांना स्थानिक रूप देण्यास विरोध होतोच. पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून चित्रकार आंजेलो द फोन्सेका यांनी मरियेला साडी नेसविली, तेव्हा त्यांच्या गोव्यातच केवढा रोष उसळला! पौर्वात्य चर्चमधील परंपरानिष्ठ चित्रकारही म्हणतील की ख्रिस्ताची मुखमुद्रा परंपरेने निश्चित झालेली आहे, तीत चित्रकाराने आपले मुख मिसळू नये. हा आक्षेप मी क्षुल्लक मानीत नाही. परंतु ज्या देहधारणेवर योहानाने आपला सारा युक्तिवाद उभा केला, ती जर सकल मानवजातीसाठी असेल, तर ओजिब्वे मुखास तीतून वगळण्याचा अधिकार कोणत्याही परिषदेने कोणास दिलेला मला आढळत नाही.