रिकामा रकाना

आमच्या अंबाजोगाईच्या घराची ढाळज चांगली प्रशस्त आहे. मामंजींच्या काळीं तेथें कुळें येऊन बसत; पुढें चातुर्मासांत पोथी चाले; आणि आतां दर महिन्याच्या पहिल्या रविवारीं सकाळीं तेथें डेटाबेसवाल्यांची बैठक भरते. हें वाचून हंसूं नका. २०२० सालच्या टाळेबंदींत माझा धाकटा पुतण्या आपला संगणक घेऊन पुण्याहून घरीं आला आणि येथूनच नोकरी करूं लागला. परळीचे दोघे, केजची एक मुलगी, गांवांतले तिघे-चौघे असे त्याच धंद्यांतले लोक हळूहळू त्याच्याभोंवतीं जमले. एकट्यानें काम करतांना अडलें तर विचारावें कोणाला, या अडचणींतून ही मंडळी जन्मली. तिला नांव नाहीं, वर्गणी नाहीं, अध्यक्ष तर नाहींच. चहा आणि सुशीला मात्र माझ्याकडे.

माझें अक्षर बरें आहे, म्हणून वर्तमान लिहिण्याचें कामहि माझ्याकडेच आलें. मागील बैठकीचा वृत्तान्त आणि पुढील बैठकीचा विषय पुठ्ठ्यावर लिहून मी तो ढाळजेच्या खुंटीला अडकवितें. "काकू, हें सगळें मोबाइलवर पाठवलेलें असतें," असें मुलें म्हणतात. असेना! खुंटीवरचा पुठ्ठा येतां-जातां सर्वांना दिसतो.

लिहितां लिहितां त्या शास्त्रांतलें मला थोडेंसें कळूंहि लागलें. एडगर कॉड हा इंग्लंडांत जन्मलेला गणितज्ञ अमेरिकेंत आय.बी.एम. कंपनींत होता. माहिती साध्या तक्त्यांत ठेवावी, आणि ती आंत कोठें कशी रचली आहे याची चिंता विचारणाराला पडूं नये, असें त्यानें १९७० सालीं मांडलें. बँकेंतली शिल्लक काय, गाडींतली जागा काय, आज आपल्याला क्षणांत कळते ती पुष्कळ अंशीं या विचाराच्या आधारानें. आमचीं मुलें वापरतात त्या पोस्टग्रेसचें काम बर्कलेच्या विद्यापीठांत १९८६ सालीं सुरू झालें. तें कोणालाहि फुकट वापरतां येतें, म्हणून तें वापरणारे लोक देशोदेशीं असेच एकत्र जमून एकमेकांच्या अडचणी सोडवितात. बंगळूरला त्यांचें मोठें संमेलन भरतें. आमचें आपलें ढाळजेंतलें.

गेल्या श्रावणांतल्या बैठकीचा विषय होता 'नल'. नळराजाची कथा असावी असें मला क्षणभर वाटलें! पण हा नल निराळा. तक्त्यांतल्या ज्या घरांत कांहींच भरलेलें नाहीं त्याला नल म्हणतात. नल म्हणजे शून्य नव्हे. खात्यांत शून्य रुपये आहेत ही माहिती झाली. नल म्हणजे 'ठाऊक नाहीं'.

उदाहरणासाठीं पुतण्यानें आमची वंशावळ घेतली होती. मामंजींनीं बांधीव वहींत ती मोठ्या कष्टानें लिहून ठेवलेली आहे. अकरा पिढ्या, दोनशेंवर पुरुष. आजोबांचें नांव नातवाला ठेवण्याच्या रीतीमुळें एकच नांव पुनःपुन्हा येतें, म्हणून प्रत्येकाला एक स्वतंत्र अंक द्यावा लागतो, हें त्यानें आधीं समजावून सांगितलें. मग म्हणाला, "ज्यांच्या आईचें नांव राधा आहे, ते दाखव." चार नांवें आलीं. "ज्यांच्या आईचें नांव राधा नाहीं, ते दाखव." नऊ आलीं.

मी हिशेब केला. "अरे, दोनशेंपैकीं तेराच? बाकीचे कुठें गेले?"

"बाकीच्यांच्या आईचें नांवच वहींत नाहीं, काकू. नांव ठाऊक नसेल तर 'राधा आहे' असें म्हणतां येत नाहीं, आणि 'राधा नाहीं' असेंहि म्हणतां येत नाहीं. म्हणून ते दोन्हीं उत्तरांत येत नाहींत."

सगळे पुढच्या विषयाकडे वळले. केजची मुलगी मात्र पडद्याकडे पाहात राहिली आणि हळूच म्हणाली, "काकू, यांत तुमचें नांव कुठें आहे?"

मी वही आणून पाहिली. माझ्या यजमानांच्या नांवापुढें 'विवाह' आणि सालाचा आंकडा होता. बस्स. त्याहून मोठी लाज पुढें वाटली. सासूबाईंच्या हाताखालीं मी एकोणीस वर्षें स्वयंपाक केला, त्यांच्या शेवटच्या दुखण्यांत त्यांचें सारें केलें. पण त्यांचें माहेरचें नांव मला ठाऊक नव्हतें. मीं कधीं विचारलेंच नव्हतें. मामंजींना दोष कसा देऊं? माझ्याहि मनांतला तो रकाना रिकामाच होता.

त्या संध्याकाळीं पुतण्यानें तक्त्यांत दोन रकाने वाढवावयाचें ठरविलें : आईचें नांव आणि तिचें माहेरचें नांव. थोरले भाऊजी रागावले. "वडिलांच्या हातच्या वहीला कोणीं हात लावायचा नाहीं," असें म्हणून ते उठून गेले. मामंजींच्या बहीण आत्याबाई ब्याण्णव वर्षांच्या आहेत. आम्हीं त्यांच्यापाशीं बसून विचारूं लागलों. काल काय जेवल्या तें त्यांना आठवत नाहीं. पण आईचें, आजीचें, काकवांचें अशीं सतरा नांवें त्यांनीं माहेरासकट सांगितलीं. पणजीचें नांव मात्र येईना. "सगळे आक्काच म्हणत," एवढेंच त्या म्हणाल्या, आणि बराच वेळ डोळे मिटून बसल्या. "तिथें 'आक्का' लिहूं का?" असें मीं विचारलें. पुतण्या म्हणाला, "नको. ठाऊक नाहीं तें ठाऊक नाहीं असेंच राहूं द्यावें. अंदाजानें भरलेलें घर रिकाम्या घरापेक्षां वाईट." मला तें पटलें.

तिसऱ्या दिवशीं दुपारीं थोरले भाऊजी ढाळजेंत आले. वही तशीच आहे, तिच्यांत एक अक्षरहि बदललेलें नाहीं, हें त्यांनीं उघडून पाहिलें. मग खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "आईला तिच्या माहेरीं..." आणि त्यांनीं एका नदीचें नांव घेतलें. पुतण्यानें तें टंकलिखित करतांना कोणीच कांहीं बोललें नाहीं.

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत आईचें नांव लिहिणें महाराष्ट्र सरकारनें आवश्यक केलें आहे. पुढच्यांची सोय झाली. मागच्यांचीं नांवें सरकार कोठून आणणार? तीं आपल्याच घरांत, माजघरांत बसलेल्या एखाद्या वृद्धेच्या ओठांवर आहेत. आणि तिला वेळ थोडा आहे. वाचकहो, या दिवाळींत सगळे जमाल तेव्हां फराळापूर्वीं घटकाभर तिच्यापाशीं बसा.

पुढील बैठकीचा पुठ्ठा आजच लिहिला. विषय : माहितीची दुसरी प्रत कोठें आणि कशी ठेवावी. ज्या गांवांत दासोपंतांनीं कापडाच्या पासोडीवर ग्रंथ लिहून ठेवला, तेथें टिकाऊ लिहिण्याचें महत्त्व कोणी कोणाला सांगावें? त्यापुढील बैठकीचा विषय : मोठ्या तक्त्यांत हवें तें झटकन् कसें शोधावें. पुठ्ठ्याखालीं रोजची सही करूं लागलें आणि थांबलें. मग एकेचाळीस वर्षांनंतर प्रथमच मीं सासरच्या नांवाशेजारीं माझें माहेरचें नांव लिहिलें. अक्षर थोडें वांकडें आलें आहे. पण तसेंच राहूं दिलें.